चौऱ्याऐंशी हजारांचा पगार आणि एकटीचे घर : एक प्रकरण अभ्यास

या अभ्यासातील महिला छत्रपती संभाजीनगरमधील एका शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका आहेत. वय ३८, घटस्फोटित, मुलगा नववीत आणि मुलगी दुसरीत. वॉर्डात आणि आमच्या गल्लीतही त्यांना सगळे ‘सिस्टर’ म्हणतात, म्हणून इथेही तेच संबोधन ठेवले आहे. ओळख पटू नये यासाठी घराचा आणि नातेवाइकांचा काही तपशील बदलला आहे. आकडे मात्र त्यांनी स्वतः वहीत लिहून दिले तसेच आहेत आणि ते छापायला त्यांची संमती आहे.

मी बँकेत २९ वर्षे नोकरी केली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. निवृत्तीनंतर गल्लीतली माणसे एखादा अर्ज भरून घ्यायला किंवा हप्ता समजून घ्यायला येत असतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये, दिवाळी उलटून पंधरा दिवस झाले असताना, सिस्टर सोनेतारण कर्जाची नोटीस घेऊन आल्या. माहेरच्या पाटल्या ठेवून ९० हजार रुपये उचलले होते, वर्षाचे व्याज भरायचे होते आणि मुदत वाढवून हवी होती. “काकू, एवढं एक काम करून द्या, बाकी सगळं ठीक आहे,” असे त्या दोनदा म्हणाल्या. बाकी सगळे ठीक असते तर पाटल्या बँकेत नसत्या, एवढे मला कळत होते. तरी पहिल्या दिवशी मी काही विचारले नाही. तिसऱ्या खेपेस त्या आपण होऊन पगारपत्रक घेऊन आल्या.

पगारपत्रक पाहिल्यावर बाहेरच्या माणसाला त्यांची अडचण पटणे अवघड आहे. मूळ वेतन ४७,६००, त्यावर ५५ टक्क्यांनी महागाई भत्ता २६,१८०, घरभाडे भत्ता ९,५२० आणि वाहतूक भत्ता १,३५० मिळून एकूण ८४,६५० रुपये होतात. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आल्यामुळे त्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नाही. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्के म्हणजे ७,३७८ रुपये जातात. व्यवसाय कर आणि गटविमा मिळून ५६०. प्राप्तिकर शून्य आहे, कारण २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही आणि पगारदारांना त्याआधी ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. आधीच्या वर्षी त्यांचा कर महिन्याला सरासरी तीन हजारांच्या घरात कापला जात होता. म्हणजे एप्रिलपासून हातात तीन हजार जास्त आले, आणि तरीही नोव्हेंबरात पाटल्यांचे व्याज भरायला पैसे नव्हते.

पगारातून आणखी एक मोठी रक्कम कापली जाते. २०२२ मध्ये पतीच्या दुकानासाठी त्यांनी कर्मचारी पतसंस्थेतून सहा लाखांचे कर्ज काढले होते, ११ टक्के व्याजाने, सहा वर्षांच्या मुदतीचे. त्याचा हप्ता ११,४२० रुपये, शिवाय संस्थेची मासिक वर्गणी एक हजार. दुकान पतीकडे राहिले, कर्ज यांच्या नावावर राहिले आणि २०२४ च्या सुरुवातीला परस्पर संमतीने घटस्फोट झाला. सगळे कापून बँकेत ६४,२९२ रुपये जमा होतात.

नातेवाइकांना आणि सहकाऱ्यांना दिसतो तो वरचा आकडा. ‘सरकारी पगार आहे, दोनच लेकरं आहेत, हिला काय कमी,’ हे वाक्य सिस्टरनी इतक्या वेळा ऐकले होते की त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता. आपल्यालाच संसार करता येत नाही, आपला हात सैल आहे, अशी त्यांची ठाम समजूत होती. खर्चाची वही दाखवताना त्यांनी मुलीच्या वाढदिवसाच्या केकवर बोट ठेवले आणि “हे टाळता आलं असतं,” म्हणाल्या. केक ४५० रुपयांचा होता.

वहीतला महिन्याचा सरासरी खर्च असा निघाला. घरभाडे १२,०००. मुलांना सांभाळायला येणाऱ्या मावशींचे ७,५००. दोघांची शाळेची फी वर्षाला ९३,०००, म्हणजे महिन्याला ७,७५०. शाळेच्या व्हॅनचे ३,४००. मुलाच्या शिकवणीचे २,५०० आणि मुलीच्या संध्याकाळच्या क्लासचे ८००. किराणा, दूध आणि भाजी मिळून १२,४००, बाहेरून मागवलेल्या डब्याचे आणि खाण्याचे २,८००. वीज, गॅस, मोबाइल आणि इंटरनेट ३,६००. पाण्याचे २,०००, त्यात टँकरचे १,४०० आणि जारचे ६००. स्कूटीचे पेट्रोल आणि अधूनमधून रिक्षा ३,०००, औषधे १,५००. गावी आईवडिलांना ४,०००. क्रेडिट कार्डाची किमान रक्कम ३,२००, विम्याचा हप्ता २,२००, आणि कपडे, सणवार, लग्नकार्यातला आहेर मिळून २,५००. एकूण ७१,१५० रुपये. जमेपेक्षा ६,८५८ रुपयांनी जास्त, आणि यात पाटल्यांवरचे व्याज धरलेले नाही, कारण ते वर्षातून एकदाच अंगावर येते.

ही तूट त्यांना कधी ‘तूट’ म्हणून दिसली नव्हती, कारण ती दर महिन्याला सारखी येत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत खाते जेमतेम जुळते. जूनमध्ये फीचा पहिला हप्ता, वह्या-पुस्तके आणि गणवेश एकदम येतात आणि कार्ड वापरले जाते. ऑगस्टपासून सण लागतात. २०२४ च्या पावसाळ्यात मुलीला डेंग्यू झाला, रात्री खाजगी रुग्णालयात दाखल करावे लागले आणि त्या बिलातून कार्डाची थकबाकी सुरू झाली. शासकीय कर्मचाऱ्याला वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मागता येते हे परिचारिका असल्यामुळे त्यांना पुरते ठाऊक होते. तरी बिले, प्रमाणपत्रे आणि सह्या गोळा करायला लागणारी कार्यालयीन वेळेतली एक सकाळ त्यांना मिळाली नाही. कार्डावर आता ५२ हजार बाकी होते. महिन्याला साडेतीन टक्के व्याज आणि त्यावर वस्तू व सेवा कर लागत असल्यामुळे भरलेल्या ३,२०० पैकी दोन हजारांहून जास्त व्याजातच जात होते.

आता ज्या गोष्टीमुळे हे प्रकरण लिहून ठेवावेसे वाटले तिच्याकडे येते. सिस्टरच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी भिंतीवर दिनदर्शिका आहे. तिच्यावर त्या आपल्या ड्यूटी लिहितात : सकाळ आठ ते दोन असेल तर ‘स’, दुपार दोन ते आठ असेल तर ‘दु’, रात्री आठ ते सकाळी आठ असेल तर ‘ना’, म्हणजे नाईट. नळाला पाणी आले की त्या तारखेला लाल गोल. आमच्या भागात तेव्हा सहाव्या-सातव्या दिवशी पाणी येत होते आणि येण्याची वेळ ठरलेली नसे. घराला जमिनीखाली हौद नाही. नळ सुटला की कोणीतरी उभे राहून मोटार लावायची, आधी टाकी, मग ड्रम, मग हंडे भरायचे. ऑक्टोबरच्या पानावर पाच लाल गोल होते. मी सहज विचारले, या पाचही दिवशी पाणी भरले कोणी?

एका दिवशी सिस्टरची साप्ताहिक सुट्टी होती. एका दिवशी पाणी दुपारी तीन वाजता आले, तेव्हा त्या वॉर्डात होत्या आणि मुले शाळेत. एकदा सकाळी दहाला आले, तेव्हाही तसेच. एकदा रात्री नऊला आले, तेव्हा सिस्टर नाईटला होत्या आणि मावशींची एसटी उशिरा पोहोचली होती. ते तिन्ही वेळेचे पाणी गेले आणि प्रत्येक वेळी छोटा टँकर मागवावा लागला. उरलेल्या एका दिवशी पाणी पहाटे साडेसहाला आले. त्या वेळी सिस्टरची नाईट संपायला दीड तास होता आणि मावशी सहालाच निघून गेल्या होत्या, कारण साडेसहापासून त्यांना दुसऱ्या दोन घरची धुणीभांडी असतात. तरीही त्या दिवशी टँकर आला नाही, म्हणजे पाणी भरले गेले होते. कोणी भरले, हे सिस्टरनाही आठवेना.

मुलगी जवळच चित्र रंगवत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, “दादानं भरलं. क्लास बुडवून.”

मुलाची शिकवणी सकाळी साडेसहाची. ऑक्टोबरात तो चार वेळा गैरहजर असल्याचा फोन शिकवणीच्या सरांनी केला होता, आणि सिस्टरनी त्याचा अर्थ मोबाइल असा लावून त्याला खूप सुनावले होते. तो गप्प राहिला होता. नंतर बसून तारखा जुळवल्या तेव्हा चारही गैरहजेऱ्या ‘ना’ लिहिलेल्या रात्रींच्या पुढच्या सकाळी निघाल्या. एक पाण्याची, बाकी तीन दिवस तो बहिणीला उठवून, तिची वेणी घालून, डबा भरून सात वाजता व्हॅनमध्ये बसवत होता. मावशींना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “लेकरू लई गुणाचं हाय सिस्टर, पर मला म्हणलं, आईला सांगू नका.” सिस्टर त्या दिवशी वही मिटून उठून गेल्या, आणि दोन दिवस आमचे काम पुढे सरकले नाही.

एकट्या पालकाच्या खर्चाबद्दल बोलताना आपण ‘दुसरा पगार नाही’ एवढेच धरतो. पण ज्या घरात दोन मोठी माणसे असतात तिथे दुसरे माणूस एक रुपयाही कमावत नसले तरी रोज काही तास देत असते : नळाशी उभे राहणे, दार उघडणे, तापलेल्या लेकराजवळ बसणे, कार्यालयात अर्ज नेऊन देणे. घरखर्चाच्या वहीत या तासांना रकाना नसतो, कारण त्यांचे पैसे मोजावे लागत नाहीत. सिस्टरना ते मोजावे लागतात. त्यांच्या वहीतून ही रक्कम वेगळी काढली तर मावशींचे ७,५००, मुलीला निव्वळ दीड तास सुरक्षित ठेवण्यासाठी लावलेल्या क्लासचे ८००, स्वयंपाक न झाल्यामुळे बाहेरून आलेल्या जेवणाचे २,८०० आणि टँकरचे १,४०० होतात. व्हॅन दोन पालकांच्या घरातही असू शकते, म्हणून तिचे अर्धेच, १,७०० धरले. बेरीज १४,२०० रुपये. तूट ६,८५८ ची होती. तास विकत घेण्याचा खर्च तिच्या दुपटीहून थोडा अधिक आहे. जे तास विकत घेता आले नाहीत ते चौदा वर्षांच्या मुलाने दिले.

केकवर बोट ठेवणाऱ्या बाईंना ही बेरीज दाखवणे मला त्या संपूर्ण कामातले सर्वांत आवश्यक काम वाटले. त्यांनी ती दोनदा करून पाहिली.

तासांचा हा व्यवहार मावशींच्या बाजूनेही पाहायला हवा. मावशी मूळच्या गेवराईकडच्या, नवरा टाकून गेलेला, मुलगी गावी आजीकडे. सिस्टरच्या नाईट असतात तेव्हा त्या रात्री इथे झोपतात, दुपारच्या ड्यूटीला संध्याकाळी पाचपासून थांबतात. ‘मावशींचे पैसे थोडे कमी करून पाहा’ असे सिस्टरच्या एका सहकाऱ्याने सुचवले होते. मी त्याला स्पष्ट नकार दिला. स्वतःचे लेकरू गावी ठेवून दुसऱ्याच्या लेकरांजवळ रात्र काढणाऱ्या बाईच्या मजुरीतून या घराची तूट भरणे मला मान्य नव्हते, आणि सिस्टरनाही ते मान्य झाले नसते.

अशा वेळी हमखास विचारले जाते की सरकारी योजनांचे काय. मावशींना ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये मिळतात. तिथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे. सिस्टर त्या मर्यादेच्या कितीतरी वर आहेत आणि शासकीय नोकरीतही आहेत, त्यामुळे तो प्रश्नच उद्भवत नाही, आणि त्यात गैरही काही नाही. पण २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील मुलींना जी शुल्कमाफी सुरू झाली तिची मर्यादा आठ लाखांची आहे. सिस्टरचे वर्षाचे उत्पन्न १०,१५,८०० होते. साडेसात लाख कमावणारे वडील आणि पूर्ण वेळ घरी असणारी आई, असे घर मर्यादेत बसते. एकटीने दहा लाख कमावून त्यातले दीड-पावणेदोन लाख निव्वळ दुसऱ्या माणसाचे तास विकत घेण्यात घालणारे घर मर्यादेबाहेर राहते. उत्पन्नाच्या मर्यादा नसाव्यात असे माझे मुळीच म्हणणे नाही. घरात कमावती माणसे किती आणि सांभाळणारी माणसे किती, हे मात्र कुठल्याच अर्जात विचारले जात नाही, आणि ते विचारले जावे असे मला मनापासून वाटते.

जी सवलत खास अशाच कर्मचाऱ्यांसाठी आहे ती त्यांनी वापरलीच नव्हती. राज्य शासनाच्या २०१८ च्या निर्णयानुसार महिला कर्मचाऱ्यांना, तसेच पत्नी हयात नसलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांना, संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. मुलीच्या डेंग्यूच्या वेळी त्यांनी अर्जित रजा खर्ची घातली होती. बालसंगोपन रजा मागितली तर ‘एकटी बाई म्हणून सवलत घेते’ असे वॉर्डात म्हणतील, ही भीती. आता पुढच्या वर्षी मुलाच्या दहावीच्या परीक्षेसाठी ती रजा राखून ठेवायचे ठरले आहे.

सर्वांत अवघड विषय मुलांच्या वडिलांचा होता. घटस्फोटाच्या वेळी सिस्टरनी ‘मला काही नको, मला फक्त सुटका हवी’ असे सांगून पोटगी सोडली होती. मुलांच्या खर्चाबद्दल संमतिपत्रात एक ओळही नव्हती. आपण एकदा सोडले म्हणजे विषय संपला, अशी त्यांची समजूत, आणि पगार चांगला असल्यामुळे मागणे अपमानास्पद वाटत होते. कायदा तसे म्हणत नाही. आईने स्वतःचा हक्क सोडला तरी मुलांचा हक्क बुडत नाही. हिंदू दत्तक व पोटगी कायदा, १९५६ च्या कलम २० नुसार मुलांच्या पालनपोषणाची जबाबदारी आई आणि वडील या दोघांवरही आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतरही मुलांच्या पोषणासाठी आणि शिक्षणासाठी अर्ज करता येतो. आणि पोटगी मागण्यासाठीचे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेल्या निकालानंतर दोन्ही बाजूंना आपले उत्पन्न आणि मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर सांगावी लागते. आई कमावती असेल तर मुलांच्या शिक्षणाचा खर्च दोघांच्या ऐपतीप्रमाणे वाटता येतो, असेही त्या निकालात आहे. आई कमावते म्हणून वडील मोकळे होतात, असे त्यात कुठेही नाही.

वकिलाची फी हा पुढचा अडसर होता, आणि तो खरे तर नव्हताच. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलेला आणि बालकाला मोफत विधी सहाय्य मिळते. तिथे उत्पन्नाची अट नाही. ८४ हजार पगाराच्या बाईलाही ते मिळते, हे सिस्टरना खरे वाटेना. आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेलो. दावा दाखल करण्याआधीची तडजोड म्हणून वडिलांना बोलावणे गेले, दोन बैठका झाल्या. सहा लाखांच्या कर्जाचा विषय निघाला तेव्हा ते बराच वेळ खाली बघत बसले. दुकान मंदीत आहे असे त्यांचे म्हणणे होते आणि ते सगळेच खोटे असावे असे मला वाटले नाही. डिसेंबरमधल्या लोकअदालतीत दोन्ही मुलांसाठी मिळून दरमहा ६,००० रुपये द्यायचे, जानेवारीपासून, असा निवाडा झाला. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो, म्हणून तोंडी कबुलीपेक्षा मी या मार्गाचा आग्रह धरला होता.

बाकीचे बदल लहान होते, पण त्यातले काही चटकन लागू पडले. कार्डाची ५२ हजारांची बाकी पतसंस्थेच्या आकस्मिक कर्जातून फेडली. ११ टक्क्यांनी अठरा महिन्यांचा हप्ता ३,१४७ रुपये बसला. महिन्याला जातात जवळपास तेवढेच पैसे, पण हे अठरा महिन्यांनी संपणार आहेत. घरमालकीण वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्याशी बोलून पाण्याच्या जोडणीला टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा फ्लोट बसवला, एक हजार लिटरची जादा टाकी ठेवली आणि पाणी आले की मोटार त्यांनी लावायची असे ठरले. बदल्यात सिस्टर त्यांचा रक्तदाब तपासतात आणि मधुमेहाच्या गोळ्यांची आठवण ठेवतात. टँकरचा खर्च १,४०० वरून ३५० वर आला. मावशींना ८०० वाढवून संध्याकाळचा स्वयंपाक त्यांच्याकडे दिला, त्यामुळे बाहेरचे खाणे २,८०० वरून एक हजारावर आले. या एका बदलाने मावशी आणि सिस्टर दोघींचाही फायदा झाला, म्हणून तो मला विशेष वाटतो.

विम्याच्या कागदांत मात्र धक्कादायक गोष्ट निघाली. दरमहा २,२०० रुपये ज्या पॉलिसीत जात होते तिचे विमासंरक्षण जेमतेम पाच लाखांचे होते. आणि त्या पॉलिसीवर, निवृत्तिवेतन खात्यावर, पतसंस्थेत, सेवापुस्तकात, सगळीकडे नामनिर्देशन घटस्फोटित पतीचेच होते. नऊ वर्षे हप्ते भरलेले असल्यामुळे जुनी पॉलिसी पेड-अप करून घेतली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली, आणि ५० लाखांचा शुद्ध मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) घेतला. त्याचा हप्ता महिन्याला सुमारे ८०० पडतो, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. नामनिर्देशने मुलांच्या नावे झाली, आणि मुले अज्ञान असल्यामुळे नियुक्त व्यक्ती म्हणून सिस्टरच्या भावाचे नाव घातले. चार कार्यालये आणि सहा सह्या, पण पुन्हा तीच अडचण : कार्यालयीन वेळेतली एक मोकळी सकाळ. ती सकाळ त्यांनी किरकोळ रजा टाकून काढली.

एका ठिकाणी मी काही सुचवले नाही. गावी जाणारे चार हजार. गाव जालना जिल्ह्यात अंबडकडे. वडिलांना लकवा आहे, आई त्यांच्यापाशी अडकलेली, नाहीतर तीच इथे येऊन राहिली असती. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत भावाचा कापूस आणि तूर पाण्याखाली गेली. त्या आठवड्यात त्याने फोन करून म्हटले होते, “आक्का, यंदा पैसे नको पाठवूस, तुझंच बघ.” सिस्टरनी पाठवले. मराठवाड्यात पगारदार लेकीचा किंवा लेकाचा पगार एका घराचा कधीच नसतो. शेतातले वर्ष बुडाले की त्याचा भार महिन्याच्या एक तारखेवर येतो. ही रक्कम कमी करा म्हणणे सोपे होते, पण तसे सांगण्याचा अधिकार मला आहे असे वाटले नाही. भाऊ रब्बीची ज्वारी झाल्यावर दोन पोती घेऊन येणार आहे.

मुलीला मराठी शाळेत घालावे का, यावर दोन संध्याकाळी बोलणे झाले आणि वर्षाच्या मध्ये तिची जागा हलवायची नाही, इतकेच ठरले. नाईट कमी मिळाव्यात म्हणून सिस्टर मेट्रनना भेटल्या. नाईट कमी झाल्या नाहीत, पण सलग पाचऐवजी मुलाच्या चाचण्यांचे आठवडे वगळून लावायचे मेट्रननी मान्य केले.

हिशेब पुन्हा मांडला तेव्हा तूट ६,८५८ वरून ३,३५५ वर आली. वडिलांचे सहा हजार आले तर महिन्याला २,६४५ उरतात, नाही आले तर ३,३५५ कमी पडतात. या घराचे सगळे गणित आता त्या एका ओळीवर टेकले आहे. जानेवारीत पूर्ण रक्कम आली. फेब्रुवारीत काहीच आले नाही. मार्चमध्ये चार हजार आले आणि सोबत ‘उरलेले पुढच्या महिन्यात’ असा निरोप. अंमलबजावणीचा अर्ज आम्ही तयार करून ठेवला आहे. तो दाखल करावा असे माझे मत, एप्रिलपर्यंत थांबू असे सिस्टरचे. मुलाला वडिलांकडे अधूनमधून जावेसे वाटते, आणि ते दार बंद होऊ नये ही त्यांची चिंता मला समजते. जुलैमध्ये वेतनवाढ लागून मूळ वेतन ४९,००० होईल, तेव्हा हातात दोन हजारांच्या आसपास वाढतील. तोपर्यंत जूनची फी आहे. तिच्यासाठी वेगळे आवर्ती खाते उघडले असून त्यात आजवर साडेचार हजार साठले आहेत. पाटल्या अजून बँकेतच आहेत, त्यांची मुदत तेवढी वाढवून मिळाली.

मार्चअखेर मी त्यांच्याकडे गेले तेव्हा दिनदर्शिकेवर एप्रिलचे पान लागले होते. ‘स’, ‘दु’, ‘ना’ लिहून झाले होते. ज्या रात्री ‘ना’ होती, तिच्या दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात मुलाने पेन्सिलीने ‘मा. ७ पर्यंत’ असे लिहिले होते. मावशींनी सकाळचे एक घर सोडून नाईटच्या दिवशी सातपर्यंत थांबायचे कबूल केले आहे. त्या घराचे सहाशे रुपये आता सिस्टर देतात.